पोटावर उमटलेलं इंजिन

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बन्नीमंटपच्या लेथवाल्याकडून रिक्षाने निघालो होतो आणि माझ्या मांडीवर तिच्या गाडीचा शाफ्ट आडवा पडलेला होता. पुढच्या इंजिनाचं बळ मागच्या चाकांपर्यंत पोचवणारा तो लोखंडी दांडा. रिक्षा अरुंद, आणि शाफ्ट एवढा लांब की त्याचं एक टोक बन्नीमंटपात होतं आणि दुसरं राजवाड्याला प्रदक्षिणा घालून येत होतं. चौकातल्या पोलिसाने तोफ समजून त्याला सलाम ठोकला, हेही मी आतापर्यंत बऱ्याच जणांना सांगितलंय. फोनवर भावोजी होते, अक्काचे यजमान. मी नेहमीप्रमाणे त्यांना बोलूच दिलं नाही. म्हटलं, "अक्काला सांगा शाफ्ट आला, अजून कोमट आहे, चहा ठेवायला घ्या."  ते म्हणाले, "चहा ठेवायलाच उठली होती रे बाळू… परत खुर्चीत बसली. डॉक्टर आत्ता येऊन गेले." रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मीटर बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा म्हैसूरचा रिक्षावाला माझ्याशी एकही शब्द न बोलता गाडी चालवत होता, आणि मी शाफ्ट दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.

दारात पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मी शाफ्ट खांद्यावर घेऊन आत शिरलो. आमच्यातले एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "बाळू, बांबू आणायला दुसऱ्याला पाठवलंय की. तू कशाला आणलास?" मी मागच्या शेडमध्ये गेलो, गाडीच्या शेजारी गोणपाट अंथरलं आणि शाफ्ट त्यावर ठेवला. अक्काने बघितलं असतं तर पहिल्यांदा त्याचा जोड हलवून पाहिला असता आणि मग मला विचारलं असतं, "वाटेत कुणाला कुणाला खोटं सांगितलंस?"

वत्सला माझी मावसबहीण, मोठी, म्हणून अक्का. तिच्या विद्यार्थिनींची वत्सला मॅडम. इथल्या एका महिला कॉलेजात तिने फिजिक्स शिकवलं, आणि असं शिकवलं म्हणतात की तिच्या वर्गात पेन खाली पडलं तर ते किती वेगाने पडलं हे सांगितल्याशिवाय उचलता यायचं नाही. आमची घराणी रंगाऱ्यांची. पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात राहिलो, घरात मराठी, ओसरीवर कन्नड, आणि भांडण फार वाढलं की इंग्रजी. मी रंगांशी इमान राखून भिंतीच्या रंगांचं दुकान चालवतो. अक्काचे वडील, त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो, कापडावर छपाईचे लाकडी ठसे कोरायचे. मोर, कोयऱ्या, वेलबुट्ट्या… त्यांनी कोरलेला मोर पाहून खरे मोर मान खाली घालायचे. अक्का लहानपणी त्यांच्याजवळ बसून ठसे कोरायला शिकली. हात तिचा आप्पांसारखाच. पुढे ती शिकली, नोकरीला लागली, ठसे माळ्यावर गेले, पण हात काही ते विसरला नाही. हा हात पुढे गोष्टीत येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आता गाडीबद्दल. कोडगूच्या एका कॉफीमळेवाल्याची मुलगी अक्काची विद्यार्थिनी होती. मळेवाल्याने म्हातारपणी आपली जुनी विलायती स्पोर्ट्स कार विकायला काढली. दोन माणसांची, उघड्या टपाची, रंग पिकल्या मिरचीचा, आणि जमिनीला इतकी लगट करून चालणारी की आत बसलं की रस्त्यावरच्या कुत्र्यांशी नजरेला नजर भिडायची. अक्काच्या लग्नाला फार काळ झाला नव्हता. भावोजी पाणीपुरवठा खात्यात, सरळ रेषेत चालणारा माणूस; त्यांना वाटलं बायको स्कूटर घेईल. अक्का ही गाडी घेऊन आली. ती चालवायची, भावोजी डावीकडे डबा मांडीवर घेऊन बसायचे. अक्का चढावर पहिला गिअर टाकायची तेव्हा चामुंडी डोंगरावरचा नंदी कूस बदलायचा. यात मी फार तर एक आणा मीठमसाला घातला असेल.

एकदा ती दोघं तलकाडला गेली. वाळूत पुरलेली देवळं पाहिली, कावेरीकाठी बसली, डब्यातलं पुळियोगरे, म्हणजे आपला चिंचेचा भात, खाल्लं. परतीच्या वाटेवर पाणी उकळलं, आणि अक्काने गाडी बाजूला घेण्याआधीच इंजिनाच्या पोटातला एक दांडा तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. ओतीव लोखंडाला मूठभर भोक. गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागे दोरीने बांधून घरी आली. अक्का स्टीअरिंगवर बसली होती आणि ताठ मानेने बसली होती, जणू ट्रॅक्टर तिने भाड्याने पुढे लावलाय. घरी उतरल्यावर ती मला म्हणाली, "ही गाडी तलकाडहून परत आलेली नाही. आणलीय. ती परत यायची आहे अजून." मी हसलो. भावोजी हसले नाहीत. ते तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होते.

मग नोकरी, मुलीचा, चित्राचा जन्म, तिचं शिक्षण, आप्पांचं आजारपण. गाडी शेडमध्ये धूळ पांघरून झोपली. त्या इंजिनाचा ब्लॉक कुठे मिळेना. जो मिळायचा तो आमच्या ब्लॉकपेक्षा म्हातारा असायचा. अक्का निवृत्त झाली त्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो, तर अंगणात हे भलंथोरलं चित्र काढलेलं. शेजारणीला वाटलं दिवाळीची रांगोळी इतक्या लवकर कशी. ती गाडी होती, वरून पाहिल्यासारखी, खऱ्या मापाची, खडूने काढलेली. अक्का पदर खोचून मधोमध उभी होती, जिथे इंजिन असतं तिथे. म्हणाली, "बाळ्या, जुनं इंजिन विसर. नवं घालायचं. जपानी, ॲल्युमिनियमचं. वजनाने हलकं, ताकदीने दुप्पट. पाच गिअरचा डबा त्याच्याबरोबरच येतो."

मी म्हटलं, "मग आणू की उद्याच." माझं सगळं असं उद्याच असतं. तिने मला खडूने काढलेल्या मागच्या चाकावर बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली. जग इंजिनापासून सुरू करतं आणि तिथेच फसतं, असं तिचं म्हणणं. नवं इंजिन जुन्या आखाला जोडलं तर पहिल्याच चढावर आतले दांडे काकडीसारखे तुटतील. म्हणून सुरुवात मागून. आधी ब्रेक, कारण जी गाडी जास्त पळणार ती आधी थांबली पाहिजे. मग मागचं डिफरन्शियल, म्हणजे चाकांच्या मधला तो दात्यांचा गोळा, मजबूत आणि लांब पल्ल्याला सोयीचा. मग गिअरबॉक्स, मग इंजिन. आणि सगळ्यात शेवटी, दोन्ही टोकं पक्की बसल्यावर, मधलं अंतर मोजून शाफ्ट. "आप्पा रंग आधी कालवायचे नाहीत," ती म्हणाली. "आधी कापड हातात घेऊन बघायचे, ते किती पिईल." मी मान डोलावली. तेवढं मला कळतं, रंगाचं दुकान आहे माझं.

तर असं मागून पुढे काम सुरू झालं. हिनकलला सिद्दराजू नावाचा मेकॅनिक आहे, हुणसूर रस्त्याच्या कडेला त्याचं गॅरेज. बोलणं थोडं आणि तेही बहुतेक गाडीशी. ब्रेक झाले, मागचा आख झाला. त्यानेच एका ठोकर बसलेल्या जपानी गाडीचं इंजिन मिळवून आपल्या गॅरेजात ताडपत्रीखाली ठेवलं होतं. पण अक्का ते घ्यायला तयार नव्हती. आप्पांचा नियम: नमुना काढल्याशिवाय कापडाचं ठाण रंगात बुडवायचं नाही. आधी चिंधी रंगवायची, उन्हात वाळवायची, मग ठाण. तसं हिला आधी इंजिनाचा नमुना पाहिजे होता. खऱ्या मापाचं लाकडी इंजिन करायचं, ते गाडीत बसवून बघायचं, बसलं तरच लोखंड विकत घ्यायचं.

ती हिनकलला जाऊन सगळी मापं घेऊन आली, ट्रेसिंग पेपरवर इंजिनाचे काप काढले, पावाच्या लादीचे काढावेत तसे, एकेक कापाचा कागद फळीवर चिकटवला आणि माळ्यावरची आप्पांची अवजारं खाली काढली. कित्येक महिने त्या शेडमधून ठक ठक ऐकू यायचं. शेजारपाजारचे म्हणायचे, मॅडम देव्हारा करतायत. आणि झालं ते देव्हाऱ्यासारखंच. पुढची कप्पी, पट्ट्याची खाच, बाजूचे धुराचे नळ, एकेक नटाचं डोकं कोरलेलं. त्यात पेट्रोल ओतलं असतं तर ते सुरू झालं असतं अशी माझी अजून खात्री आहे.

ते गाडीत ठेवलं, आणि बसलं नाही.

म्हणजे लांबी बसली, उंची बसली, बोनेटही वरून लागलं. पण आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे, आणि धुराचे नळही नेमके उजवीकडेच. स्टीअरिंगचा दांडा त्या नळांच्या आरपार गेल्याशिवाय चाकांपर्यंत पोचूच शकत नव्हता. सिद्दराजू वाकला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. म्हणाला, "स्टीअरिंगचा रॉड कापून मध्ये दोन जॉइंट घालू, मेडम. आगत्ते." होईल म्हणाला. अक्का म्हणाली, "स्टीअरिंग कापायचं नाही. माणूस बसतो त्याच्यामागे." झालं. खऱ्या इंजिनावर ते नळ नक्की कुठल्या अंगाला आहेत हे ताडपत्री उचलून बघावं, असं आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. लोखंडापेक्षा अक्काच्या लाकडावर आमचा विश्वास जास्त होता.

मी अक्का हरलेली तेव्हा पहिल्यांदा बघितली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. फक्त शेडमध्ये जायची थांबली. बंगळूर रस्त्यावरच्या एका रिसॉर्टवाल्याने मागे गाडी मागितली होती, दारात शोभेला उभी करायला. बोनेट काढून आत झेंडूच्या कुंड्या ठेवणार होता. अक्काने त्याला निरोप धाडला, दसरा झाल्यावर घेऊन जा. भावोजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाळू, दुसरा काही मार्ग?" मी टेप घेऊन शेडमध्ये गेलो आणि पुन्हा तीच मापं घेऊन आलो.

मग आयुधपूजा आली. आमच्या घरात तिला अजून खंडेनवमी म्हणतात. त्या दिवशी म्हैसुरात चाक असलेली प्रत्येक वस्तू हार घालून बसते. मी हातगाडीवरचा वजनकाटाही शेवंतीत बुडालेला पाहिलाय. अक्काकडे दर वर्षी गाडीची पूजा व्हायची. चाकाखाली लिंबं ठेवायची, कोहळा फोडायचा, आणि गाडीने लिंबांवरून जायचं. इंजिन फुटल्यापासून ते जाणं आमच्या खांद्यांवर होतं. मी आणि भावोजी ढकलायचो, अक्का स्टीअरिंगवर. त्या वर्षी मी नवा पांढरा शर्ट घालून गेलो. इतका पांढरा की चंद्राने पत्ता विचारावा.

अक्काने गाडीची पूजा केली. मग लाकडी इंजिनाकडे वळली. आमच्याकडे नव्या ठशाला पहिला हात रंगाचा देत नाहीत, ओल्या हळदीचा देतात, आप्पा द्यायचे. हिनेही कापडाची पुरचुंडी हळदीत बुडवली आणि इंजिनाच्या पुढच्या तोंडावर एकसारखी दाबत गेली. वर कुंकवाची बोटं. मग हात पुसत म्हणाली, "आयतु. झालं. काढा आता बाहेर हे. उद्या बंबात घाला, पाणी तरी तापेल." बंबात! मी म्हटलं, निदान नेण्याचा मान तरी मला दे. भावोजी एका बाजूने धरायला आले तर मी त्यांना बाजूला सारलं. एरवी हे चार पैलवानांचं काम, आणि मी एकट्याने, दोन्ही हातांची मिठी मारून, पोटाशी गच्च आवळून ते लाकूड गाडीतून उपसून काढलं, डुलत डुलत ओसरीवर नेलं, खाली ठेवलं आणि शाबासकी घ्यायला वळलो.

अक्का माझ्या पोटाकडे बघत होती.

"बाळ्या, हलू नको."

मला वाटलं पाल चढली. मी श्वास धरला.

"पोट आत घेऊ नको. सोड. नेहमीसारखं सोड." ती जवळ आली, लांब गेली, मान वाकडी केली. मग भावोजींना म्हणाली, "अहो, हे बघा. याच्या पोटावर इंजिन बरोबर आहे."

मी खाली पाहिलं. माझ्या नव्या शर्टावर हळदीकुंकवात आख्खं इंजिन छापलं होतं. कप्पी, खाच, नटांची डोकी… आणि धुराचे नळ. लाकडावर ते ज्या अंगाला होते, शर्टावर त्याच्या विरुद्ध अंगाला. ठसा आणि छाप, दुसरं काय. भावोजींनी विचारलं, "पण मग खरं कुठलं?" तेव्हा अक्का ओसरीच्या पायरीवर मटकन बसली. तिने आपले दोन्ही हात समोर धरले आणि त्यांच्याकडे चोर पकडल्यासारखी बघत राहिली. "कागद मी पालथा चिकटवला," ती म्हणाली. "प्रत्येक फळीवर… आप्पांनी शिकवला तसा." ठसा कोरणारा नक्षीचा कागद लाकडावर नेहमी उलटाच चिकटवतो, म्हणजे कापडावर ती सुलटी उमटते. पाच वर्षांची असल्यापासून हातात बसलेली ती सवय. फिजिक्सच्या मॅडमने इंजिन मोजलं, पण कोरलं ते आप्पांच्या मुलीने, आणि कोरलं ते आरशातलं. नंतर ती हसायला लागली ती थांबेना. पदर तोंडात कोंबून हसली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं.

"काढ शर्ट."

"अक्का, सण आहे."

"सुम्ने, गुपचूप काढ की. पुसट होईल."

मी बनियनवर हिनकलला गेलो. स्कूटर मी चालवत होतो, मागे अक्का, तिच्या हातात शर्ट दोन टोकांना धरलेला, शिडासारखा. रस्त्याने सजलेली वाहनं, हार घातलेल्या बसगाड्या, ट्रकवर केळीचे खांब, आणि त्यांच्यामधून हे आमचं गलबत. त्या दिवशी रस्त्यावर आम्हाला पाहून लोकांनी नमस्कार केले. दसऱ्याची जंबुसवारी, हत्तींची मिरवणूक, एक दिवस आधीच निघाली असं वाटलं असेल त्यांना, आणि माझा आकार बघता त्यात त्यांची फार चूक नव्हती. सिद्दराजू गॅरेजात पूजा आटोपून प्रसाद वाटत होता. अक्काने ताडपत्री ओढली, शर्ट इंजिनाशेजारी ताणून धरला. कप्पीला कप्पी, नटाला नट. नळ डावीकडे. स्टीअरिंगपासून लांब. सिद्दराजू एकदा शर्टाकडे, एकदा इंजिनाकडे आणि मग माझ्या उघड्या पोटाकडे बघून म्हणाला, "नोडी मेडम, बघा, प्रिंटिंग मशीन चांगलं आहे तुमचं."

तो शर्ट मला परत मिळाला नाही. अक्काने तो शेडच्या भिंतीवर खिळे मारून लावला आणि पुढची सगळी मापं त्याच्याकडे बघून घेतली. मी दर भेटीला शर्ट मागायचो. ती म्हणायची, "गाडी तलकाडहून आपल्या पायाने परत आली की नवा देईन." रिसॉर्टवाल्याला निरोप गेला, कुंड्या दुसरीकडे ठेव. लाकडी इंजिन बंबात गेलं नाही. ते शर्टाखाली स्टुलासारखं बसलं आणि त्यावर भावोजी बसायला लागले. खरं इंजिन आलं, गिअरबॉक्स आला, इंजिन टेकवायला खाली नवे फाउंडेशन वेल्ड झाले. चेनकप्पीने इंजिन गाडीत उतरलं तेव्हा अक्काने स्टीअरिंगचा दांडा आणि इंजिन यांच्यामधून आपला हात घातला, आरपार नेला आणि पलीकडून मला बोटं हलवून दाखवली. शाफ्टाविना का होईना, एकदा जागच्या जागी इंजिन सुरूही केलं. त्याचा आवाज… खरं सांगतो, याला काही मीठमसाला लावत नाही. शांत आवाज होता. पाणी उकळायच्या आधीचं भांडं बोलतं तसा. अक्का डोळे मिटून ऐकत उभी होती. आता फक्त शाफ्ट राहिला, म्हणाली. अंतर तिने स्वतः मोजलं, आत-बाहेर सरकायला दोन बोटं जागा ठेवली आणि मला बन्नीमंटपला पाठवलं.

अक्काचे दिवस झाले, माणसं पांगली. चित्रा बंगळूरला असते. ती राहिली होती. तिचं मराठी मोजकं, आईशी ती अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी बोलायची. तिसऱ्या प्रहरी आम्ही तिघं ओसरीवर बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, ते रिसॉर्टवाले परत विचारतायत. आईच्या नावाची प्लेट लावतील. चांगलं ठेवतील. तुम्ही एकटे… ती गाडी रोज बघत बसणार, मला ते नको वाटतं." पोर वाईट बोलली नाही. मलाही तसंच वाटत होतं, फक्त मी ते जरा सजवून सांगितलं असतं. भावोजी म्हणाले, "कुंड्या ठेवतील त्यात."

"बाबा, तुम्हाला कार चालवायला येत नाही."

"नाही येत," भावोजी म्हणाले. "पण शाफ्टाशिवाय ती कुणालाच येणार नाही. आधी तो बसू दे. मग बघू." आणि माझ्याकडे वळून, "बाळू, तो शाफ्ट तसाच पडलाय ना रे गोणपाटावर?"

तेव्हा मला कळलं की ते रोज जाऊन बघत होते. इकडे इंजिन, तिकडे चाकं, मध्ये रिकामी जागा, आणि ती भरणारी वस्तू हाताशी जमिनीवर. सिद्दराजू रविवारी आला. गाडीखाली शिरला. भावोजी धोतर सावरून शेजारी उकिडवे बसले आणि एकेक बोल्ट त्याच्या हातात देत गेले. आयुष्यभर लोकांच्या नळाला पाणी येईल की नाही हे बघणारा माणूस. जोड कसा असावा हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. शाफ्ट सरकत गेला आणि बसला. दोन बोटं जागा मोकळी राहिली. सिद्दराजू खालूनच म्हणाला, "मेडम लेक्का तप्पिल्ला." मॅडमचा हिशेब चुकला नाही. चित्रा शेडच्या दारात उभी होती. ती आत आली, बापाच्या हातावरचं ग्रीस आपल्या ओढणीने पुसायला लागली, आणि मग पुसणं राहून नुसताच हात धरून राहिली.

भावोजी आता शिकतायत. मी शिकवतो. माझ्याकडून शिकून अजून जिवंत आहेत यातच त्यांचा पिंड कळतो. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पहिल्या गिअरमध्ये जातात, आणि सरळ रेषेत चालणारा हा माणूस उघड्या टपाच्या लाल गाडीत बसून प्रत्येक कुत्र्याला हात दाखवतो. परवा पहिल्यांदा दुसरा गिअर पडला तेव्हा शेजारणीने टाळ्या वाजवल्या आणि चामुंडीवरच्या नंदीने, ऐकलंय, एक कान टवकारला. नवं इंजिन नोंदवायला आरटीओची परवानगी अक्काने आधीच काढली होती. तपासणी तेवढी व्हायची आहे. ती झाली की तलकाड. चित्रा रजा टाकून येणार आहे. भावोजी चालवणार, ती डावीकडे बसणार, मी मागून स्कूटरवर. दोरी घेऊ का, असं मी विचारलं. भावोजी म्हणाले, "दोरी घरी ठेव."

काल शेडमध्ये गेलो. भिंतीवरचा शर्ट उन्हाने जुना दिसायला लागलाय. हळद उडत चालली आहे, कुंकू तपकिरी पडलंय, पण कप्पी दिसते, नळ दिसतात. म्हटलं, काम तर झालं, आता नेतो घरी. खिळ्याला हात घातला. भावोजी गाडीत बसून बंद इंजिनावर गिअर बदलायचा सराव करत होते. मान न वळवता म्हणाले, "असू दे रे तिथं. तुला नवा द्यायचा ठरलाय ना? तलकाडहून आलो की देतो. माप सांगून ठेव."

मी माप सांगितलं. जरा ढगळच सांगितलं. त्या दिवशी कावेरीकाठी अक्काच्या वाटचं पुळियोगरेही मलाच संपवायचं आहे.